उतरत्या उन्हात : पेटीतला कागद



गेल्या महिन्यात या सदराच्या नावाने एक पत्र आले. पत्र मावळातल्याच एका गावातले आहे. नाव-गाव छापू नये अशी विनंती आहे, ती पाळतो. पत्राचा मतलब असा: 'माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. नोकरीतून निवृत्त झाले. आई जाऊन चार वर्षे झाली. आता ते म्हणतात, ओळखीतल्या एका विधवा बाईंशी लग्न करायचे. आम्ही तिघे भाऊ. तिघांचाही विरोध आहे. थोरला म्हणतो, वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. धाकट्याला घराच्या वाटणीची काळजी. मला राग येतो, पण तो नेमका कशाचा हे मलाच कळत नाही. तुम्ही वयाने मोठे आहात. आम्ही काय करावे?'

पत्र वाचून मी ते दोन दिवस उशाखाली ठेवले. उत्तर सुचत नव्हते असे नाही. उत्तर द्यायचे तर आधी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी आजवर चारचौघांत कधी सांगितलेली नाही. आज माझे वय ७४ आहे. आता नाही सांगितली तर राहूनच जाईल.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, लोणावळ्याला रेल्वेत गँगमन होते. बोरघाटाचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. रात्री-अपरात्री दरड आली की डोक्यावर घोंगडी घेऊन, हातात बत्ती घेऊन निघायचे. आमच्या आईला आम्ही बय म्हणायचो. बय १९७६ साली गेली. आबा १९८० साली निवृत्त झाले. रेल्वेचे क्वार्टर सोडले आणि भांगरवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटेच राहू लागले. मी तेव्हा देहूरोडला नोकरीला होतो. बायको, दोन लेकरे, एक खोली. महिन्यातून एकदा लोकलने जाऊन भेटून यायचो, आणि मुलाचे कर्तव्य पार पडले असे समजायचो.

एका रविवारी गेलो तर आबा चुलीपाशी बसलेले. भाकरी करपलेली होती. दुसरी करायचा कंटाळा आला म्हणून करपलेलीच पाण्यात बुडवून खात होते. मी म्हटले, "आबा, खानावळीत का नाही जेवत?" ते म्हणाले, "भाकरीचं न्हाई रं. करपली म्हणून बोलणारं बी कुणी न्हाई."

ते वाक्य मी ऐकले आणि तसाच लोकलने परत आलो.

१९८१ साली आबांनी लग्न केले. त्या बाई लोणावळ्यातल्याच. ऐन उमेदीत विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. चिक्कीच्या कारखान्यात शेंगदाणे निवडायचे, पाखडायचे काम करायच्या. आबा तेव्हा ५९ वर्षांचे, त्या पन्नाशीच्या. त्यांनी नोंदणी करून लग्नाचा दाखला घेतला आणि वस्तीतल्या बौद्धाचार्यांकडून विधी केला. मला बोलावणे होते. मी गेलो नाही.

पुढे जाणे सुरू झाले ते बायकोच्या आग्रहाने. पण बारा वर्षांत मी त्या बाईंना एकदाही कोणत्या नात्याने हाक मारली नाही. पाणी हवे असेल तर बायकोकडे बघून म्हणायचो, "पाणी दे म्हणावं." माझी मुले त्यांना आजी म्हणायची. मी कोणाशी बोलताना 'आबांकडे असतात त्या बाई' असे म्हणायचो. त्यांनी ते ऐकले होते. मला मात्र त्या सुरुवातीपासून 'बाबा' म्हणत. "बाबा, चहा घे." "बाबा, गाडीची येळ झाली."

एकदा मी आबांशी भांडलो. १९८३-८४ चे वर्ष असेल. जयंतीच्या मिरवणुकीहून आलो होतो, अंगात निळी टोपी-गुलालाचा जोर होता. म्हटले, "आबा, या वयात हे शोभलं का तुम्हाला? समाजात काम करतो मी. लोक हसतात."

आबा म्हणाले, "चौदा एप्रिलला नाचून आलास नव्हं? त्याच्या दुसऱ्या दिशी काय झालं हुतं ते ठावं हाय का?"

मी गप्प.

"सत्तावन्न पुरी झाली आन् दुसऱ्या दिशी बाबासाहेबांनी लगीन लावलं. तवा बी लोक हसलं. माझं सोड. त्यांना काय कमी हुतं? पर रातच्याला पाय दुखतो म्हणून कुणाला तरी सांगावं लागतं, बाबा. पुस्तकाला न्हाई सांगता येत."

त्यावर मी जे बोललो ते आज लिहिताना हात जड होतो. माईसाहेबांविषयी त्या काळी वस्तीवस्तीत जे बोलले जायचे, तेच मी बोललो. घातपाताची ती कुजबुज. मी ती सभांमधूनही आवाज चढवून बोललेली होती. आबा काही बोलले नाहीत. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत त्या बाई भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज तेवढा थांबला.

आबांचे म्हणणे खरे होते. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षे बाबासाहेब एकटे राहिले. मधुमेह, पायांचे असह्य दुखणे, रात्ररात्र झोप नाही, आणि समोर राज्यघटनेच्या मसुद्याचे काम. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचारासाठी जाताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली. बाई स्वतः एम.बी.बी.एस. झालेल्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने लग्न झाले. शारदाबाई सविता झाल्या, समाजाच्या माईसाहेब झाल्या. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. पुढची साडेआठ वर्षे त्यांचे खाणे, पथ्य, इन्सुलिन, झोप, सगळे माईसाहेबांनी सांभाळले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहून धम्मदीक्षाही घेतली. दोन महिनेही झाले नाहीत तोच त्या विधवा झाल्या, आणि ज्या समाजाने सांत्वन करायचे त्याने संशय घेतला. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. तरी कुजबुज थांबली नाही. माईसाहेब त्यानंतर ४६ वर्षे जगल्या. त्यातली कितीतरी वर्षे एकटेपणाची होती.

हे सगळे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणून मी सुटू पाहत नाही. ठाऊक करून घ्यावेसे वाटले नव्हते.

१९८७ च्या पावसाळ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी आठ दिवस रजा काढली, नववा दिवस उजाडला तसा कामावर गेलो. त्या बाईंना रजा नव्हती. कारखान्यातले काम त्यांनी सोडले आणि शेंगा फोडायचे काम घरी आणले. सहा वर्षे आबा अंथरुणावर होते. सहा वर्षांत त्यांच्या पाठीला जखम झाली नाही. ज्यांनी घरात असे माणूस सांभाळले आहे त्यांनाच या वाक्याचा अर्थ कळेल. दर दोन-अडीच तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. लोणावळ्याचा पाऊस चार-चार महिने हटत नाही, कपडा वाळत नाही. आबांची धोतरे त्या कोळशाच्या शेगडीवर दुरडी पालथी घालून तिच्यावर वाळवायच्या. घरात ओल होती, पण आबांच्या अंथरुणाला कधी कुबट वास आला नाही.

एक गोष्ट मी नेहमी पाहायचो. आबांचा लुळा उजवा हात त्या आपल्या मांडीवर घ्यायच्या, तळहातावर शेंगा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "फोडा." आबांची बोटे हलायची नाहीत. मग त्या आपली बोटे त्यांच्या बोटांवर ठेवून शेंग दाबायच्या. टक्‌ आवाज झाला की म्हणायच्या, "बघा, फोडली की." असे रोज. दीड-दोन वर्षांनी आबांचा अंगठा थोडा हलू लागला. शेवटी शेवटी दिवसाला पाच-सहा शेंगा ते स्वतः फोडायचे. त्या शेंगांचे दाणे त्या पाटीत टाकायच्या नाहीत. आबांच्या तोंडात घालायच्या.

मी ते बघायचो, आणि तोंड फिरवून रुमालाने चष्मा पुसायचो. 'तुमचे उपकार आहेत' असे चार शब्द माझ्याच्याने निघाले नाहीत.

आबा १९९३ साली गेले.

आता या लेखाच्या नावातला कागद. आबांच्या आजारपणात त्यांची कागदपत्रे मी 'सुरक्षित राहावीत' म्हणून देहूरोडला आणून माझ्या लोखंडी पेटीत ठेवली होती. त्यात लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता. आबांच्या मागे त्या बाईंना कुटुंब-निवृत्तिवेतन मिळायचे तर तो दाखला लागणार होता. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नाच्या पत्नीलाही ते मिळू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८९ सालीच झाला होता. आबांच्या बरोबरीच्या एका जुन्या सहकाऱ्याने मला तो समजावूनही सांगितला होता. त्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला, "बाबा, तेवढा कागद आण." मी म्हणालो, शोधतो. कागद कुठे आहे ते मला पक्के ठाऊक होते.

का दिला नाही? पैसा मला नको होता. मला तो मिळणारही नव्हता. तो कागद दिला म्हणजे त्या आबांच्या पत्नी होत्या हे मी माझ्या हाताने मान्य केले, एवढेच. अकरा महिने तो कागद माझ्या पेटीत पडून राहिला. ते अकरा महिने बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची ती बाई किलोमागे मिळतील त्या पैशांवर शेंगा फोडून जगत होती.

अकराव्या महिन्यात आमच्याकडे एका शिक्षकांचे व्याख्यान झाले. तुम्हाला ठाऊक आहेच, देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः, रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. माझे आबा त्या दिवशी लोणावळ्याहून गाडीने येऊन गर्दीत उभे होते. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी, सामान्य माणसाला समजेल असा बुद्धधम्मावरचा ग्रंथ आपण लिहीत असल्याचे सांगितले होते. व्याख्यात्या गुरुजींनी तो धागा धरला. म्हणाले, त्या ग्रंथाला बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ रोजी एक प्रस्तावना लिहिली होती. तीत त्यांनी आपल्या आजारपणाचा उल्लेख करून, आपला विझू लागलेला जीव टिकला आणि हा ग्रंथ पुरा झाला तो पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे कृतज्ञतेने नोंदवले आहे. पण बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांपुढे आली १९८० साली, दिल्लीच्या भगवान दासांनी प्रसिद्ध केली तेव्हा.

गुरुजी पुढे म्हणाले, "पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. तो आभार आपण वाचला, डोक्यावर घेतला, घेतलाच पाहिजे. दुसरा आभार मात्र आपल्यापर्यंत यायला चोवीस वर्षे लागली. एकाचे ऋण मानले म्हणून दुसऱ्याचे बुडवायचे असते का?"

पुढचे व्याख्यान मी ऐकले नाही. मला पेटीतला कागद दिसू लागला. माझ्या आबांना लिहिता येत नव्हते. त्यांनी आपल्या परीने एकच कृतज्ञतापत्र करून ठेवले होते, ते म्हणजे तो नोंदणीचा दाखला, आणि तो मी दडपून ठेवला होता. घरी आलो. बायको झोपली होती. पेटी उघडली. दाखल्यावर आबांची वेडीवाकडी सही होती आणि शेजारी त्या बाईंचा अंगठा.

पहाटेच्या पहिल्या लोकलने लोणावळ्याला गेलो. त्या दारात बसून शेंगा फोडत होत्या. मी कागद पुढे केला. 'सापडला' असे खोटे बोलायचे गाडीत ठरवले होते, ते ऐनवेळी जमले नाही. म्हटले, "माझ्याकडंच होता. दिला नाही." त्यांनी पदराला हात पुसून कागद घेतला. बराच वेळ बघितला. अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवून बघितला. मग म्हणाल्या, "गाडीनं आलास, उपाशीच असशील. बस, भाकरी टाकते."

आरडाओरडा केला असता तर मला सोपे गेले असते.

पेन्शनची कामे मीच धावपळ करून केली. पुढे १९९५ च्या बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे भाजे लेण्यांना गेलो. मळवलीला उतरून चालत गेलो. वर पायऱ्या आहेत. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून माझ्या मुलीने हात धरला. चैत्यगृह बघून पुढे आलो तिथे एका ओळीत दगडी स्तूप आहेत. सारे मिळून चौदा. काही गुहेच्या आत, काही उघड्यावर. बरोबर तेच व्याख्याते गुरुजी होते. त्यांनी सांगितले की हे त्या काळी इथे राहिलेल्या वृद्ध थेरांच्या स्मरणार्थ आहेत. काहींवर नावे कोरलेली आहेत, धम्मगिरी, संघदिन अशी. दोन हजार वर्षांपूर्वीची नावे. ना राजाची, ना शेठ-सावकाराची. इथे म्हातारे झालेल्या आणि इथेच देह ठेवलेल्या भिक्खूंची. मग म्हणाले, "कामशेतजवळ बेडसे लेणी आहेत. तिथे गोभूती नावाच्या, रानात राहून भिक्षेवर जगणाऱ्या भिक्खूंचा स्तूप आहे. तो कोणी करवला तेही तिथे कोरलेले आहे. आसाळमित नावाच्या त्यांच्या अंतेवासीने."

बाईंनी विचारले, "अंतेवासी म्हंजे पोरगा का?"

"नाही आजी. जवळ राहून शिकलेला शिष्य."

"म्हंजे पोटचा न्हवता."

"पोटचा नव्हता."

त्या काही बोलल्या नाहीत. एका लहान स्तूपाला हात लावून उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे तोंड दिसले नाही.

परत येताना मळवली स्टेशनच्या अलीकडे असताना गाडीची शिटी ऐकू आली. सगळे घाईने चालू लागले. त्या मागे पडल्या. मी वळून हाक मारली, "आई, चला, गाडी आली."

आमच्या घरात आईला बय म्हणत, हे मी वर लिहिले आहे. 'आई' हा शब्द आमच्याकडे कोणाचाच नव्हता. चौदा वर्षे तो रिकामा पडला होता. तो त्यांना दिला म्हणून बयचे काहीच कमी होणार नव्हते. एवढे साधे गणित मला कळायला ४४ वर्षांचा व्हावे लागले.

त्यांनी ऐकले न ऐकलेसे केले. गाडीत खिडकीशी बसल्या आणि लोणावळा येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. उतरताना मात्र मुलीचा हात सोडून माझा हात धरला. हात शेंगा फोडून फोडून खरबरीत झालेला होता.

त्यानंतर त्या १६ वर्षे जगल्या. २०११ साली गेल्या. आमच्याकडे येऊन राहा असे मी किती वेळा म्हणालो, पण आबांची खोली त्यांनी सोडली नाही. दर रविवारी मी जायचो. आम्ही फार बोलायचो नाही. त्या पाटीत शेंगा घेऊन बसायच्या, गरज उरली नव्हती तरी. मी समोर बसून फोडू लागायचो. म्हातारपणी माणसाला काय लागते, हे मी त्या खोलीत शिकलो. औषधपाणी लागते, पैसा लागतो, ते खरे. पण भाकरी करपली असे म्हणणारे कोणीतरी समोर लागते. आपण गेल्या रविवारी काय बोललो होतो ते पुढच्या रविवारी आठवणारे कोणीतरी लागते.

भगवान बुद्धांच्या काळातले नकुलमाता आणि नकुलपिता हे वृद्ध जोडपे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नकुलपिता आजारी पडला, आता वाचत नाही असे वाटले. मनात बायको-मुलांची काळजी. तेव्हा नकुलमाता त्याच्यापाशी बसून म्हणाली की काळजी घेऊन मरू नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी लेकरे सांभाळीन, घर चालवीन. तिच्या एकेका शब्दाने त्याच्या मनावरचे ओझे उतरले आणि तो बरा झाला. काठी टेकत भगवंतांना भेटायला गेला तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की अशी हितचिंतक, समजूत घालणारी पत्नी लाभली हे तुझे भाग्य आहे. संसारातल्या म्हाताऱ्या माणसाच्या प्रेमाला तथागतांनी हलके लेखले नाही. ते हलके लेखणारे आपण कोण? आणि मंगलसुत्तात उत्तम मंगले मोजताना भगवंतांनी कृतज्ञतेचे नाव घेतले आहे. आपण ते सुत्त दर कार्यक्रमात म्हणतो. मीही म्हणत होतो, पेटीत कागद ठेवून.

आता पत्र लिहिणाऱ्या भावाला उत्तर.

धाकट्या भावाला घराची काळजी आहे, तर तिच्याविषयी उघड बोला. भीती मनात ठेवली की ती रागाचे सोंग घेते. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नीला मुलांइतकाच एक वाटा मिळतो. वडिलांना वेगळे काही ठरवायचे असेल तर त्यांनी सगळ्यांसमोर मृत्युपत्र करावे. मात्र त्या बाईंना मरेपर्यंत डोक्यावर छप्पर राहील, अशी सोय त्यात असू द्या. ती तुम्ही भावांनीच सुचवा. लग्नाची नोंदणी जरूर करा. वडिलांना सरकारी किंवा रेल्वेची पेन्शन असेल तर पत्नीचे नाव त्यांच्या हयातीतच कागदोपत्री लावून घ्या. दाखल्याची एक प्रत त्या बाईंच्या स्वतःच्या हातात असू द्या, मुलाच्या पेटीत नको. आणि हेही ध्यानात ठेवा की २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यात 'पालक' या शब्दात सावत्र आईही येते. तिला सांभाळले नाही तर ती प्रांतांपुढे चालणाऱ्या न्यायाधिकरणात दाद मागू शकते. पण तुमच्या घरावर ती वेळ येईल असे मला वाटत नाही. ज्याला आपल्या रागाचे कारण शोधावेसे वाटते, तो माणूस कोडगा नसतो.

थोरल्या भावाला वस्तीची लाज वाटते. त्याला सांगा, वस्ती आठ दिवस बोलते. मी जे बारा वर्षे बोललो नाही, ते मला अजून ऐकू येते.

आणि तुमचा राग. तो बहुधा आईसाठी आहे. तिची जागा कोणी घेईल असे वाटते. तशी कोणी घेत नाही. रमाईची जागा माईसाहेबांनी घेतली नाही, घेऊ पाहिलीही नाही. रमाई आपल्या ठिकाणी आहेत. माईसाहेबांनी पुढे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आठवणींचे पुस्तक लिहिले, ते १९९० साली आले. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर मिळालेले भारतरत्न त्यांनी राष्ट्रपतींच्या हातून स्वीकारले. बाबासाहेबांच्या कितीतरी वस्तू त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्या पुण्याच्या सिम्बायोसिसच्या संग्रहालयाला दिल्या. काही तरुण कार्यकर्ते उशिरा का होईना त्यांच्याकडे गेले, त्यांना समाजात सन्मानाने घेऊन आले. २९ मे २००३ रोजी, ९४ व्या वर्षी त्या गेल्या. समाज म्हणून आपल्याला उशीर झाला, पण थोडा तरी वेळ मिळाला. मलाही १६ वर्षे मिळाली. तुमच्या हातात तर अजून सगळेच आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. त्या बाईंना एकदा घरी जेवायला बोलावा. तुम्ही तिघे भाऊ समोर बसा. वडिलांचे तोंड त्या वेळी कसे दिसते ते बघा, आणि मग निर्णय घ्या. काय ठरले ते मला कळवा; या सदराला नव्हे, घरच्या माणसाला कळवावे तसे.

आणि हे वाचणाऱ्या सर्वांना एक विनंती. तुमच्या घरातही एखादे माणूस असेल, पोटचे नसलेले, ज्याने तुमच्या कोणाची कूस बदलली, कोणाला घास भरवला. सावत्र असेल, मोलाने आलेले असेल, शेजारचे असेल. त्याचे देणे पेटीत ठेवू नका. या रविवारी जाऊन या.

जयभीम.